खाली गाळा, वर बिऱ्हाड: थायलंडमधलं नवं छोटं हॉटेल

थायलंडमध्ये एखादं हॉटेल नवं आहे की जुनं, हे ओळखायला पाटी वाचता यायची गरज नाही. दाराच्या वरच्या चौकटीकडे पाहावं. तिथे पांढऱ्या ठिपक्यांचा एक छोटा त्रिकोण काढलेला असतो. दिन सो फोंग नावाची पांढरी माती पाण्यात कालवून भिक्खूंनी बोटाने लावलेला तो टिळा. ठिपके पांढरेशुभ्र असतील तर दुकान उघडून फार दिवस झालेले नाहीत. कढईच्या धुराने ते पिवळट पडले असतील तर समजावं, दुकान चाललंय.

दुकान उघडताना 'थाम बुन', म्हणजे पुण्यकर्म करायचं, ही रीत लहानसा गाळेवालाही शक्यतो चुकवत नाही. मुहूर्त पाहून जवळच्या विहारातून भिक्खूंना बोलावतात. ते विषम संख्येने येतात, बहुतेक वेळा नऊ. बुद्धमूर्तीपासून निघालेला कच्च्या सुताचा दोरा दुकानाभोवती फिरवून भिक्खूंच्या हातांत देतात आणि मग पालीतल्या परित्तसूत्रांचं पठण होतं. दुपारनंतर भिक्खूंनी जेवायचं नाही हा विनयाचा नियम, म्हणून सगळा सोहळा सकाळीच उरकावा लागतो. पठण झालं की जेवण. नव्या हॉटेलात पहिलं पान वाढलं जातं ते भिक्खूंना. पैसे मोजणारं गिऱ्हाईक त्यानंतर. पानात सोनेरी रंगाचे गोड पदार्थ हमखास असतात: फॉय थोंग, थोंग यिप, थोंग योत. अंड्याचा पिवळा बलक साखरेच्या पाकात शिजवून केलेले. त्यांची कुळकथा थेट गोव्यापर्यंत पोहोचते, ती पुढे येईल.

आत गल्ल्यामागे, थोडी उंच, एक फळी असते. तिच्यावर गुडघे टेकून बसलेली, उजवा हात उंचावून गिऱ्हाइकाला बोलावणारी नांग क्वाक. ही व्यापाऱ्यांची देवता. तिच्यापुढे लाल रंगाच्या सोड्याची बाटली, तीही नळी खोचून ठेवलेली. शेजारी एखाद्या राजाची तसबीर, बहुधा पाचव्या रामाची म्हणजे चुलालोंगकॉर्नची, नाहीतर २०१६ मध्ये वारलेल्या भूमिबोल यांची. दिवसाची पहिली विक्री झाली की ती नोट मांडलेल्या मालावरून टेकवत फिरवायची, असंही बरेच विक्रेते करतात. भवानी झाल्यावर नोट कपाळाला लावणाऱ्या आपल्या भाजीवाल्या मावशींना हे दृश्य लगेच उमगेल.

पाटीचीही एक गंमत आहे. बँकॉकमधल्या नव्या कॅफेची पाटी मोठ्या रोमन अक्षरांत असते आणि वरच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या थाई अक्षरांत तेच नाव लिहिलेलं असतं. यात सौंदर्यदृष्टी शोधू नये. हा कराचा हिशेब आहे. १९६७ च्या पाटी-कर कायद्याप्रमाणे निव्वळ थाई अक्षरांच्या पाटीवर सगळ्यात कमी कर, थाई आणि परकी अक्षरं एकत्र आली तर त्याहून जास्त, आणि थाई अक्षरं नसली किंवा परक्या अक्षरांच्या खाली गेली तर सगळ्यात जास्त. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग दरात सुमारे दहापटींचा फरक पडतो. म्हणून ती मुंगीएवढी अक्षरं नेहमी वर चढून बसलेली असतात. दुकानांच्या मराठी पाट्यांवरून आपल्याकडे फुटलेल्या काचा आणि थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेली प्रकरणं आठवली की हा खिशाला हात घालणारा उपाय मला फारच शहाणा वाटतो. अर्थात, मुंगीएवढी पळवाट तिथेही निघालीच.

अशी छोटी हॉटेलं सारखी निघत राहतात, याचं पहिलं कारण घरांच्या रचनेत आहे. बँकॉकमध्ये भाड्याने मिळणाऱ्या पुष्कळ खोल्यांना स्वयंपाकघरच नसतं. फार तर सज्ज्यात एक छोटी शेगडी. नोकरी करणारी माणसं दोन्ही वेळा बाहेर खातात, नाहीतर कोपऱ्यावरून आमटी-भाजी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणतात. ही पिशवी हवा भरून, रबर लावून इतक्या शिताफीने बांधतात की थेंब सांडत नाही, आणि सोडवताना मात्र नवख्याच्या नाकी नऊ येतात. घरी न रांधता अशा पिशव्यांवर संसार चालवणाऱ्या बाईला 'प्लास्टिक पिशवीवाली गृहिणी' असं थाई लोक थट्टेने म्हणत आले आहेत. पुरुषांना असं काही नाव पडलेलं नाही, हे सांगायला नकोच.

दुसरं कारण इमारतींचं. दक्षिण चीनमधून, विशेषतः तेओचिव भागातून आलेल्या लोकांनी सयाममध्ये, म्हणजे जुन्या थायलंडमध्ये, ओळीने बांधलेल्या गाळ्यांची पद्धत रुजवली. जेमतेम चार मीटर रुंदीचा, पण खोलवर गेलेला गाळा खाली, आणि वर बिऱ्हाड. याला 'तुएक थेव' म्हणतात. कुटुंब वरच राहत असल्यामुळे वेगळं भाडं नाही, आई कढईवर, मुलगी गल्ल्यावर, शाळेतून आलेला धाकटा पेले विसळायला. चूल मात्र मागे नसते, दारातच असते. धूर रस्त्यावर जातो, आतली टेबलं त्यातल्या त्यात गार राहतात, आणि लसूण-मिरचीचा ठसका हीच जाहिरात होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला भाजी ताजी आहे का, तेल काळं पडलंय का, हे उभ्या उभ्या दिसतं. स्वयंपाकघर भिंतीआड ठेवणाऱ्या हॉटेलांपेक्षा ही रचना मला केव्हाही जास्त प्रामाणिक वाटते.

कायद्यानेही छोट्यांना थोडी मोकळीक दिली आहे. १९९२ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानुसार २०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेतल्या खाद्यगृहाला परवाना काढावा लागतो. त्याहून लहान असेल तर स्थानिक प्रशासनाला कळवून तसं प्रमाणपत्र घेतलं की पुरतं. वर्षाची उलाढाल १८ लाख बाटपर्यंत असेल तर मूल्यवर्धित कराच्या नोंदणीचीही सक्ती नाही. एक बाट म्हणजे ढोबळमानाने अडीच ते तीन रुपये धरा.

परक्या माणसासाठी मात्र हे दार इतकं उघडं नाही. १९९९ च्या परकीय व्यवसाय कायद्यात खाद्यपेयांची विक्री हा थाई लोकांसाठी राखलेल्या व्यवसायांपैकी एक आहे. खास परवाना नसेल तर निम्म्याहून जास्त हिस्सा थाई भागीदारांकडे असावा लागतो. पटायाच्या किनाऱ्यावर पाय पसरून 'इथे एक वडापावचं दुकान टाकू या' असं ठरवणाऱ्या मंडळींनी हे कलम परतीच्या विमानात बसण्याआधी वाचलेलं बरं.

छोटी हॉटेलं निघत राहण्याचं तिसरं कारण संकटांचं. २ जुलै १९९७ रोजी थायलंडने बाटचा दर मोकळा सोडला, चलन कोसळलं आणि आशियाई आर्थिक संकटाला तोंड फुटलं. रातोरात नोकऱ्या गेलेल्यांपैकी कितीतरी जण खाण्याच्या धंद्यात उतरले. सिरिवट वोरावेतवुथिकुन हा शेअर दलाल गळ्यात पेटी अडकवून बँकॉकच्या रस्त्यांवर सँडविच विकू लागला. तो त्या काळाचा चेहराच झाला. २०२० मध्ये कोविडने पर्यटन थांबवलं तेव्हाही हेच घडलं. हॉटेलांतले आचारी घरी परतले आणि त्यांनी गल्लीत स्वतःची कढई मांडली. त्याच वर्षी सरकारने 'खोन ला ख्रुएंग' म्हणजे 'अर्धं-अर्धं' योजना आणली. छोट्या दुकानातल्या खरेदीचा निम्मा भार, दिवसाला १५० बाटपर्यंत, सरकार उचलत होतं. त्या दिवसांत उघडलेली बरीच दुकानं पहिल्या महिन्यांत तगली ती या आधारावर.

म्हणून थायलंडमधलं नवं हॉटेल बहुतेक वेळा खोलीपुरतं नवं असतं. हात जुना असतो. कोणी वीस वर्षं बाजारात नूडलची गाडी लावलेली असते, कोणी आत्याच्या दुकानात कढई हलवत वाढलेलं असतं, कोणी पंचतारांकित हॉटेलातून बाहेर पडलेलं असतं. तो हात कोणत्या पदार्थावर बसलेला आहे, हे ओळखलं की अर्धं काम झालं. त्यासाठी दुकानाची जात ओळखावी लागते.

दारात काचेच्या पेटीत दहा-बारा तयार आमट्या-भाज्या मांडलेल्या असतील तर ते 'खाओ केंग', म्हणजे भात-रस्सा. बोट दाखवायचं, भातावर दोन-तीन प्रकार घालून मिळतात. इथे सकाळी लवकर जावं. माल पहाटे शिजतो आणि संपला की दुकान बंद. दारात रिकामी कढई, भाज्यांचा ढीग आणि मांसाचे छोटे डबे असतील तर ते 'आहान ताम सांग', मागाल ते करून देणारं. इथे यादी भिंतभर असली तरी घाबरू नये, साताठ घटकांच्याच त्या जुळण्या असतात. वाफाळतं पातेलं आणि जाळीचे झारे दिसले तर नूडल. उखळ-मुसळाचा ठोका ऐकू आला तर इसान, म्हणजे ईशान्येकडचं खाणं: कच्च्या पपईची सोम ताम, भाजलेली कोंबडी आणि चिकट भात. आणि दारात फक्त एकाच पदार्थाचं चित्र असेल तर बिनदिक्कत आत शिरावं. एकाच पदार्थावर दुकान उघडायची हिंमत करणाऱ्याला तो येत असतो.

आणखी एक जात अलीकडची. बँकॉकच्या चायनाटाउनला लागून, नदीकाठाने जाणारा सोंग वाट रस्ता घ्या. एके काळी इथे धान्य, मसाले आणि जंगली मालाची गोदामं होती. काही घाऊक दुकानं अजून आहेत. त्या जुन्या गाळ्यांमध्ये गेल्या काही वर्षांत तरुणांनी दहा-वीस खुर्च्यांची हॉटेलं आणि कॅफे उघडले आहेत. सोललेल्या विटांच्या भिंती, छोटी यादी, आजीच्या पाककृतीला दिलेली नवी मांडणी. यातली काही खरंच उत्तम आहेत, काही निव्वळ फोटोसाठी. फरक ओळखायची माझी कसोटी साधी आहे: भाताकडे पाहावं. साधा भात मोकळा, सुवासिक आणि गरम आला तर आतलं माणूस जेवण जाणणारं आहे. गिचका, कोमट भात सुंदर वाडग्यात आला तर फोटो काढून निघावं.

आत बसल्यावर पहिला प्रश्न हाक मारायचा. वाढणारी व्यक्ती तुमच्यापेक्षा लहान असेल तर 'नोंग', मोठी असेल तर 'फी', आईच्या वयाची असेल तर 'पा', म्हणजे मावशी. चिनी वंशाच्या बाईला 'जे', ताई. दुकानांची नावंही अशीच पडतात. चुटकी वाजवणं किंवा लांबून ओरडणं हे तिथे असभ्यपणाचं लक्षण आहे. हात खाली ठेवून, तळवा जमिनीकडे करून हलकेच बोलवावं.

पदार्थ क्रमाने येत नाहीत. सूप आधी, भात नंतर असा हिशेब नसतो. एक कढई, एक हात, त्यामुळे जे आधी होईल ते आधी येतं. चौघांनी मिळून चार-पाच पदार्थ मधोमध ठेवायचे, भात ज्याचा त्याचा वेगळा, आणि मधल्या वाडग्यातून एका वेळी चमचाभरच आपल्या भातावर घ्यायचं. ताट भरून घेणं हावरटपणाचं मानतात. हातात चमचा आणि काटा असतो. काटा डाव्या हातात, तो फक्त ढकलायला; तोंडात जातो तो चमचा. हा प्रघात एकोणिसाव्या शतकात राजदरबारातून खाली उतरला. सुरी लागतच नाही, कारण सगळं आधीच चिरलेलं असतं. चॉपस्टिक्स फक्त नूडलसाठी. भातासोबत चॉपस्टिक्स मागितल्या तर मिळतील, पण दुकानदाराला हसू येईल. चिकट भात मात्र हाताने खायचा, छोटी गोळी करून रश्शात बुडवत. इथे मराठी माणूस एकदम घरचा होतो.

टेबलावर चार छोट्या बरण्यांचा एक संच असतो. वाळल्या मिरचीची भरड, साखर, मिरचीचे काप घातलेलं व्हिनेगर, आणि नाम प्ला, म्हणजे माशाचं खारं पाणी. छोट्या मासळीला मीठ लावून महिनोन् महिने आंबवून त्याचा अर्क गाळतात, तो हा नाम प्ला. थाई स्वयंपाकात मिठाचं काम तोच करतो. तिखट, गोड, आंबट, खारट या चारही चवी त्या संचात हजर. नूडलचा वाडगा समोर आला की आधी रस्सा चाखायचा आणि मग आपल्याला हवं ते घालायचं. आचाऱ्याचा यात अपमान नाही. नूडल मुद्दामच अर्धी मोकळी ठेवलेली असते, ती पुरी करायचं काम खाणाऱ्याचं. आपल्याकडे लोणच्याची बरणी चवीला जोड देते. इथे त्या चार बरण्यांवाचून पदार्थ पुरा होतच नाही. जो परदेशी प्रवासी त्यांना हात न लावता 'फिकंच होतं' म्हणून उठतो, त्याने अर्धंच खाल्लेलं असतं.

नव्या ताम सांग दुकानाची परीक्षा घ्यायची तर फाट क्राफाओ मागवावं. खिमा, लसूण, मिरची आणि क्राफाओची पानं भरभक्कम आचेवर परतलेली, खाली भात, वर कडेने कुरकुरीत झालेलं तळलेलं अंडं. काय खावं सुचेना तर हेच, असा हा पदार्थ. मराठी वाचकाला दचकवणारी गोष्ट अशी की क्राफाओ म्हणजे तुळस. अंगणातल्या वृंदावनातली, वनस्पतिशास्त्रातही तीच जात. आपण तिचं पान नैवेद्यावर ठेवतो, फार तर काढ्यात घालतो. थाई माणूस ती मूठभर घेऊन डुकराच्या नाहीतर कोंबडीच्या खिम्यात टाकतो. वारकरी घरातल्या कोणाला सोबत नेत असाल तर हे आधीच सांगून ठेवावं. आचेवर पडल्यावर तुळशीला लवंग-मिऱ्याच्या जवळचा वास सुटतो, त्याला तोड नाही. हल्ली कांदा आणि चवळीच्या शेंगा घालून हा पदार्थ वाढवायची खोड लागली आहे, आणि त्यावरून थाई लोक आपापसात हिरिरीने भांडतात. मी शेंगा न घालणाऱ्यांच्या बाजूचा.

त्या खिम्यातली मिरची आपल्या मिरचीची सख्खी बहीण. दोघी मूळच्या अमेरिका खंडातल्या. आफोन्सो द आल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतला, १५११ मध्ये मलाक्का घेतलं आणि लगेच दुआर्ते फर्नांदेस या दूताला सयामची राजधानी अयुथयाला पाठवलं. पोर्तुगिजांच्या या व्यापारी वाटेनेच मिरची या प्रदेशात शिरली असं मानलं जातं. म्हणजे थाई जेवणाची आज जी ओळख झाली आहे ती मिरची, आणि सोम ताममधली पपई, दोन्ही पाहुण्या. आता त्या सोनेरी गोडांची गोष्ट. सतराव्या शतकात नाराय राजाच्या काळी अयुथयात मारिया गुयोमार नावाची बाई होती. आई जपानी ख्रिस्ती घराण्यातली, वडील मिश्र वंशाचे, गोव्याहून आलेले असं सांगतात. नवरा कॉन्स्टंटाइन फाउल्कन, ग्रीक साहसी, जो सयामच्या राजाचा उजवा हात झाला. १६८८ च्या सत्तापालटात त्याचा शिरच्छेद झाला आणि मारियाची रवानगी पुढे राजवाड्याच्या मुदपाकखान्यात झाली. पोर्तुगीज पद्धतीची अंड्याची मिठाई थाई लोकांना तिने दिली, अशी तिथली परंपरा सांगते. आज नव्या दुकानाच्या पुण्यकर्मात भिक्खूंना वाढली जाते ती ही फॉय थोंग.

शाकाहारी मंडळींचा प्रश्न टाळता येत नाही. 'भाजी द्या' म्हटलं की भाजी येते, पण नाम प्ला, कालवांचं सॉस नाहीतर कोळंबीची आंबवलेली चटणी घालूनच. दुकानदार फसवत नसतो. त्याच्या लेखी ते मांस नव्हे, मीठ आहे. म्हणून 'जे' हा शब्द लक्षात ठेवावा (हा ताईवाला 'जे' नव्हे, उच्चार जवळचा आहे एवढंच). जे म्हणजे चिनी बौद्ध पद्धतीचं व्रताचं जेवण: मांस, मासे, अंडी, दूध नाही, शिवाय कांदा-लसणासारख्या उग्र भाज्याही नाहीत. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर दिसलं की ते दुकान जे. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, नऊ दिवस हा उत्सव चालतो. फुकेतचा सगळ्यात गाजलेला, पण बँकॉकमध्येही गल्लोगल्ली पिवळे झेंडे लागतात. बटाटा-मुळ्याला मात्र तिथे बंदी नसते, त्यामुळे कंदमुळं वर्ज्य करणाऱ्या जैन मंडळींनी आणखी एकदा विचारावं. आमच्याकडच्या सहल कंपन्या आचारी आणि पोळ्यांचं पीठ बरोबर नेतात. त्याऐवजी त्या नऊ दिवसांतली सहल का काढत नाहीत, हे कोडं मला सुटलेलं नाही.

पाणी बहुधा स्टीलच्या नाहीतर प्लास्टिकच्या पेल्यात, बर्फ घालून. कारखान्यातून येणारा, मधे भोक असलेला नळकांडी बर्फ निर्धोक समजावा. लादी फोडून केलेला चुरा टाळावा. तळलेलं-परतलेलं, समोर कढईतून उतरलेलं पोटाला सहसा बाधत नाही. बाधतं ते तासन् तास उघड्यावर राहिलेलं.

बिल मागताना 'चेक बिन' म्हटलं की पुरतं. ताम सांग दुकानात एका माणसाचं जेवण आजही ५० ते ८० बाटमध्ये होतं. सोंग वाटसारख्या ठिकाणी त्याच्या चौपट-पाचपट. छोट्या दुकानात मांडलेला दर हाच अंतिम दर. मोठ्या ठिकाणी त्यावर दहा टक्के सेवा आकार आणि सात टक्के कर चढतो. टिपेची सक्ती नाही, सुटी नाणी ठेवली तरी चालतात. पैसे देताना थाई माणूस मोबाइल काढतो. आपल्या यूपीआयच्या आगेमागेच सुरू झालेली प्रॉम्प्टपे ही तिथली व्यवस्था, तिचा चौकोनी कोड प्रत्येक गल्ल्यावर चिकटवलेला असतो. पण त्यासाठी सहसा थाई बँकेचं खातं लागतं. कार्ड छोट्या दुकानात चालत नाही. तेव्हा खिशात शंभराच्या नोटा असाव्यात, हजाराची मोड मिळायला दुकानदार शेजाऱ्याकडे धावतो.

नव्या दुकानाची कीर्ती पसरते कशी, हाही मजेदार इतिहास आहे. १९६०च्या दशकात थनात्श्री स्वस्ती या राजघराण्याशी नातं असलेल्या खवय्याने शेल कंपनीच्या आश्रयाने 'शेल चुआन चिम' ही शिफारस सुरू केली. ज्या दुकानावर त्याचा शिक्का, तिथे लोक गाडी काढून जात. हेतू उघड होता: गाडी फिरली तर पेट्रोल खपतं. टायर विकणाऱ्या मिशलँ कंपनीने फ्रान्समध्ये हेच फार आधी केलं होतं. तिचा बँकॉकचा पहिला मार्गदर्शक डिसेंबर २०१७ मध्ये निघाला आणि त्यात महाचाय रस्त्यावरच्या जे फाय या रस्त्याकडेच्या हॉटेलाला एक तारा मिळाला. सत्तरी ओलांडलेली तिथली मालकीण जे फाय डोळ्यांवर बर्फावर घसरताना घालायचा चष्मा चढवून कोळशाच्या शेगडीवर खेकड्याचं जाडजूड ऑम्लेट तळते. ताऱ्यानंतर रांगा लागल्या आणि करवाले चकरा मारू लागले, अशी तक्रार तिने स्वतःच केली होती. ऑम्लेट हजार बाटच्या वर गेलंय. ते चांगलं असेलच, पण अर्धा दिवस रांगेत घालवण्याइतकं कोणतंही ऑम्लेट चांगलं असतं असं मला वाटत नाही.

ताऱ्यांच्या याच जगात आपल्या ओळखीचंही एक नाव आहे. मुंबईत वाढलेली आणि काही काळ पत्रकारिता केलेली गरिमा अरोरा हिने २०१७ मध्ये बँकॉकमध्ये 'गा' हे हॉटेल उघडलं. पुढच्याच वर्षी तारा मिळाला आणि मिशलँ तारा मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली. २०२३ च्या अखेरीस दुसरा आला. मात्र तिथलं एका माणसाचं बिल आपल्या गल्लीतल्या दुकानात सगळ्या गटाला कितीतरी दिवस पुरेल.

आता बहुतेक लोक मोबाइलवर 'वोंगनाय'चे अभिप्राय पाहतात. २०१० मध्ये सुरू झालेली ही थाई सेवा पुढे लाइन मॅन या घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या कंपनीत मिसळली. नव्या दुकानांचे पहिले अभिप्राय मात्र मोजूनमापूनच घ्यावेत. ते बहुधा नातेवाइकांचे असतात, नाहीतर फोटो टाकला तर सरबत फुकट या कबुलीवरचे. त्यापेक्षा बाराच्या ठोक्याला दुकानात कोण बसलंय ते पाहावं. थाई कचेऱ्यांची जेवणाची सुट्टी बाराला होते. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली माणसं दाटीवाटीने बसलेली असतील तर दुकान स्वस्त आहे, झटपट आहे आणि चवीला बरं आहे, कारण ही माणसं रोज येतात आणि त्यांना दुसऱ्या दुकानात जायला वीस पावलं पुरतात. तुम्ही मात्र साडेअकराला जावं, जागा मिळते.

माझं मत विचाराल तर थायलंडमध्ये खाण्याची पैज लावायची असेल तर ती गाजलेल्या जुन्या दुकानापेक्षा तीन-चार महिन्यांच्या छोट्या दुकानावर लावावी. गाजलेल्या ठिकाणी आचारी प्रवाशांसाठी मिरची कमी करायला शिकलेला असतो. नव्याला अजून गल्लीतल्याच लोकांना खूश करायचं असतं, त्यामुळे हात आखडत नाही. सहल कंपनीच्या कार्यक्रमात एक दुपार मोकळी मागून घ्या, मुक्कामाच्या हॉटेलामागच्या गल्लीत शिरा, आणि टेबलावरच्या त्या चार बरण्यांना हात लावल्याशिवाय उठू नका.